जांभळावरचे कावळे

पंचवटी कारंज्यावरून मालेगाव स्टँडकडे निघालं की उजव्या हाताला एक जांभळाचं झाड होतं. त्याची सावली इतकी गार, की वैशाखात भर दुपारी खाली बसणाऱ्याला मफलर गुंडाळावा लागे. हसताय? हसा. पण त्या सावलीत रंगूबाईच्या पाटीतला मोगरा दिवस मावळेपर्यंत सकाळसारखा ताजा राहायचा, हे तिच्याकडून फुलं घेणारं कुणीही सांगेल. म्हणजे सांगितलं असतं. त्यातले बरेचसे आता वर गेले आणि उरलेल्यांना ऐकू येत नाही.

रंगूबाई मखमलाबादच्या मळ्यातली. पहाटे फुलं खुडायची, डोक्यावर पाटी घेऊन पंचवटीत यायची आणि जांभळाच्या बुंध्याला पाठ टेकून बसायची. ही जागा तिला सासूकडून मिळाली होती आणि तिच्या सासूला तिच्या सासूकडून. फुलांवर शिंपडून उरलेलं पाणी ती रोज बुंध्याशी ओतायची. खोडाला कुणी खिळा ठोकला, तर ठोकणाऱ्यासमोरच तो उपटायची. एकदा निवडणुकीतल्या एका उमेदवाराची पाटी तिनं अशी उपटली आणि तो पडला. पाटी गेल्यामुळेच पडला असं मी म्हणत नाही, तो म्हणायचा.

झाडावर कावळ्यांची वस्ती होती. दुपारी भाकरी सोडली की पहिला तुकडा रंगूबाई त्यांना टाकायची, मग स्वतः खायची. ते कावळेही रीतभात पाळणारे. ती एकादशी धरायची त्या दिवशी तेसुद्धा खाली उतरत नसत.

हे सगळं नीट चाललं होतं. मग समोरच्या गाळ्यात लहानूशेठनं भांड्यांचं दुकान काढलं.

लहानूशेठ निफाडकडचा. तिकडे द्राक्षाची बाग, इकडे तांब्या-पितळेचा धंदा, आणि ब्याण्णव साली नवी पांढरीशुभ्र मारुती. दुकानावर त्यानं मुंबईहून दिव्यांची पाटी करून आणली, ती अर्धी जांभळाच्या फांदीआड गेली. एवढं त्यानं सोसलं असतं. पण मृगाच्या तोंडाशी जांभळं पिकली. कावळे जांभळं खायचे आणि पुढचं सगळं मारुतीवर करायचे. आठवडाभरात गाडीचा रंग असा पालटला, की एका गिऱ्हाइकानं हा रंग कंपनीतून मिळतो की वेगळे पैसे पडतात, असं त्याला विचारलं. तो प्रश्न लहानूशेठच्या जिव्हारी लागला.

पुढच्या दिवाळीत जांभळाची पानं गळायला लागली. जांभूळ काही दिवाळीत पानं गाळत नाही. रंगूबाईनं बुंध्याशी शेणखत घातलं, ताक ओतलं, खंडेरायाला भंडारा बोलली. झाड शेंड्याकडून वाळत खाली आलं आणि उन्हाळ्यापर्यंत त्याचा पार खराटा झाला. मग धोकादायक झालंय म्हणून कुणीतरी अर्ज दिला. त्या कुणीतरीचं दुकान समोरच होतं. रीतसर माणसं आली, करवत आली, आणि झाड आडवं झालं.

खोड कापताना सालीखाली मातीनं लिंपलेली भोकं निघाली. आत निळंशार. तो निळा रंग आमच्या जिल्ह्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक. द्राक्षावर फवारतात तो मोरचूद. भोकं पाडून त्यात तो ठासून भरलेला होता. तिथं जमलेल्या प्रत्येकानं आधी खोडाकडे पाहिलं आणि मग लहानूशेठच्या दुकानाकडे. बोललं कुणीच नाही. चुलीला लाकूड मिळतंय म्हटल्यावर कोण बोलतो.

रंगूबाई मात्र रस्ता ओलांडून सरळ दुकानात गेली.

"लहानूशेठ, झाड तूच मारलंस."

"झाडं मरतात, मावशी. माणसं मरतात, तिथं झाडाचं काय घेऊन बसलात? आता त्याचं सुतक धरू का मी?"

"चार माणसांत तोंडानं कबूल करशील आन् माझी सावली मला परत देशील, तवर मी हितंच बसनार हाय."

"बसा की," म्हणाला तो. "रस्ता सरकारचा आहे."

ती बसली. लोकांनी तिला सांगून पाहिलं, की पलीकडे देवळाच्या भिंतीला बस, तिथं बरी सावली असते. ती हलली नाही. उघड्या उन्हात, कापलेल्या बुंध्यावर, लहानूशेठच्या गल्ल्याकडे तोंड करून बसली. दुपारपर्यंत शेवंती मान टाकायची, मोगरा चहाच्या रंगाचा व्हायचा. तिची गिऱ्हाइकं दुसरीकडे गेली. पण तिची नजर काही त्या गल्ल्यावरून हलायची नाही. लहानूशेठ म्हणायचा, की त्या नजरेनं त्याच्या पितळेला हिरवा गंज चढतो. दुकानातला नोकर चिंच लावून भांडी घासून घासून दमला.

आणि कावळे. घर गेलं तरी कावळे गेले नव्हते, समोरच्या तारेवर येऊन बसले होते. रंगूबाई आता भाकरीबरोबर त्यांना सुकटही आणायची. टाकायची कुठं, तर दुकानाच्या पायरीपाशी. टाकताना बोटानं गल्ल्यावरचा माणूस दाखवायची. तशी शिकवण्याची गरज नव्हती, भोकं पाडताना त्यांनी वरून पाहिलंच होतं. पण उजळणी घेतलेली बरी.

लहानूशेठ बाहेर पडला की कावळे त्याच्या टाळूवर चोच मारायचे. दुसऱ्या कुणाला काही करायचे नाहीत, गर्दीतून नेमकं त्यालाच हुडकायचे. त्यानं टोपी घातली, ती त्यांनी उचलून गोदावरीत टाकली. धोतर-टोपीतला वेश सोडून तो सफारीत आला, तरी ओळखलं. शेवटी त्यानं हेल्मेट घेतलं. त्या काळी नाशकात स्कूटरवालेसुद्धा हेल्मेट घालत नव्हते, आणि हा पायी चालताना घालायचा. हेल्मेटवर चोची वाजायच्या त्याचा आवाज गंगाघाटापर्यंत यायचा. लोक म्हणायचे, शेठ दुकान उघडायला निघाले वाटतं.

तरी गडी कबूल होईना. रंगूबाई पण उठेना.

असं चाललेलं असताना लहानूशेठचे वडील गेले. बहिरूबाबा. नव्वदीचा माणूस, द्राक्षाचा मांडव चढताना कधी धाप लागली नाही, आणि गेला तो दुपारचा चहा पिऊन, कप विसळून ठेवून. दहावा रामकुंडावर करायचं ठरलं. निफाडहून ट्रक भरून भाऊबंद आले. सगळ्यांच्या पुढे बहिरूबाबांची बहीण झुंबरबाई. वाकलेली, पण तिच्यापुढे पोलीसपाटीलसुद्धा बिडी विझवायचा.

गुरुजींनी विधी उरकला, पिंड मांडून ठेवला आणि सगळे मागे सरून कावळ्याची वाट बघू लागले. कावळा शिवला म्हणजे गेलेला माणूस तृप्त झाला. नाही शिवला तर त्याची काहीतरी इच्छा मागे राहिली. ती ओळखून वचन द्यायचं, मग शिवतो.

त्या दिवशी घाटावर आणखी बऱ्याच जणांचे दहावे होते. कावळे आले, शेजारचे पिंड घटकेत साफ केले. आणि बहिरूबाबांच्या पिंडासमोर ओळीनं बसले, पाठ करून. मी स्वतः पाहिलंय. एकाची चुकून मान वळली, तर शेजारच्यानं टोचून सरळ केली.

लहानूशेठ हात जोडून पुढे आला. म्हणाला, बाबा, बागेची वाटणी सरळ करीन. कावळे हलले नाहीत. धाकट्या भावाला विहिरीचं पाणी देईन. भाऊ चमकून बघायला लागला, कारण पाणी अडवलंय हे त्याला त्या दिवशीच कळलं. शेजाऱ्याच्या बांधातून सरकवलेला दगड परत ठेवीन. शेजारीही आला होता, तो उठून उभाच राहिला. असं एकेक वचन येत गेलं आणि एकेक लफडं बाहेर पडत गेलं. ऊन चढलं. भाऊबंदांच्या पोटात कावळे ओरडायला लागले, पिंडासमोरचे मात्र गप्प.

गुरुजी म्हणाले, दर्भाचा कावळा करून शिववून टाकू, शास्त्रात सोय आहे.

"गवताचा कावळा?" झुंबरबाई म्हणाली. "माझा भाऊ काय गवत व्हता? खरा कावळा शिवल्याबिगर हितनं कुनी हलायचं नाय."

रंगूबाई तिथंच होती. घाटावर विधीला फुलं लागतात, ती पाटी घेऊन आली होती. एका पायरीवर बसून ती शांतपणे झेंडूच्या पाकळ्या निवडत होती. लहानूशेठची बायको उज्वला मघापासून तिच्याकडेच पाहत होती. मोरचुदाचं पोतं घरातूनच गेलं होतं, तिला सगळं ठाऊक. ती नवऱ्यापाशी गेली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेतानं कुजबुजली.

"अहो, मामंजींचं काही राहिलेलं नाही. तुमचंच राहिलंय. सांगून टाका."

"काय राहिलंय?" झुंबरबाईनं विचारलं.

लहानूशेठनं कावळ्यांकडे पाहिलं, भाऊबंदांकडे पाहिलं. घाम पुसला. मग खाली मान घालून पुटपुटला.

"मोठ्यानं," पायरीवरून रंगूबाई म्हणाली. "कावळं म्हातारं हायेत."

"दुकानासमोरचं जांभूळ मी मारलं." आता घाटभर ऐकू गेलं. "पाटी दिसत नव्हती आणि गाडी घाण होत होती म्हणून. मोरचूद भरून मारलं."

कावळ्यांनी एकदम तोंडं फिरवली. पण पुढे कुणी आला नाही. बसून राहिले, जणू व्यवहार अर्धाच झाला असावा.

झुंबरबाईला काय ते समजलं. तिनं काठी उचलून पुतण्याच्या पोटरीवर एक दिली, आणि रंगूबाईला विचारलं, "तुझं काय म्हननं हाय, बाई?"

"माझी सावली."

लहानूशेठ घाईनं म्हणाला, की त्याच जागी उद्याच जांभूळ लावतो, स्वतः पाणी घालतो.

"लावशील. पर त्याची सावली कधी पडंल? तवर माझ्या फुलांनी काय करायचं?"

"पत्र्याची शेड घालून देतो."

"पत्र्याखाली फुलं शिजतात."

"मग मांडव घालतो. ताडपत्री बांधतो. मावशी, तुम्ही म्हणाल ते करतो, पण आटपा."

रंगूबाईनं पाकळ्या निवडणं थांबवलं. "मांडव नगं, ताडपत्री नगं. झाड मांडवानं मारलं नाय, तू मारलंस. झाडाच्या जागी तू उभा ऱ्हा. छत्री घे आन् माझ्या पाटीवर धर. नव्या झाडाची सावली पडंस्तवर."

भाऊबंदांत खसखस पिकली. लहानूशेठचं तोंड त्या मारुतीसारखं जांभळं झालं. तो म्हणाला, की एवढा मोठा व्यापारी माणूस, रस्त्यात उभं राहून, लोक काय म्हणतील.

"नसंल जमत तर ऱ्हाऊ दे," रंगूबाई म्हणाली. "मला घाई नाय. तुझ्या बापाला आसंल."

झुंबरबाईची काठी पुन्हा उचलली गेली. लहानूशेठनं हातात पाणी घेतलं आणि सगळ्यांदेखत बोलला, की झाडाची सावली पडेपर्यंत मी सावली धरीन. पाणी सोडायचा अवकाश, सगळे कावळे एकदम पिंडावर उतरले. पिंडच काय, खालचं पानसुद्धा शिल्लक ठेवलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्यानं रोप लावलं. दुकानातली तांब्याची घागर स्वतः भरून आणायचा आणि घालायचा. ऊन वर आलं की गल्ला उज्वलाकडे देऊन छत्री उघडायची आणि पाटीमागे उभं राहायचं. पहिल्या वर्षी लोक मुद्दाम वाट वाकडी करून बघायला यायचे. रंगूबाई मान वर न करता हुकूम सोडायची. डावीकडं घे. मोगऱ्यावर ऊन आलं. हात हालतोय तुझा, झाडाचा हालतो का? एकदा त्यानं नोकराला उभं केलं. कावळ्यांनी छत्रीच्या काड्या मोडून टाकल्या. परत तसं केलं नाही.

रोपाला त्यानं जिवापाड जपलं, जपावंच लागलं. शेळी नुसती त्या रस्त्याला वळली तरी हा ओरडत धावायचा. कुणी खोडाला जाहिरातीची तार गुंडाळली, तर दातांनी तोडायचा. एका उन्हाळ्यात पाण्याचा टँकर आला नाही, तेव्हा घरातलं पिण्याचं माठातलं पाणी झाडाला आणि घरात सगळे कोरडे. झाड लवकर वाढावं म्हणून त्यानं त्याला द्राक्षाचं खत घातलं, दृष्ट काढली, आणि असं म्हणतात, एकदा पाया पण पडला.

दोन हजार तीनचा सिंहस्थ आला. लाखांनी माणसं पंचवटीत उतरली. परगावच्या भाविकांनी पाहिलं, की एक दाढी वाढलेला माणूस भर उन्हात छत्री धरून अबोल उभा आहे. त्यांना वाटलं, कुणी मोठा तपस्वी. पाया पडायला रांग लागली. वाहायला फुलं हवीत, ती समोरच पाटीत होती. रंगूबाई त्यांना हार द्यायची, ते हार त्याच्या गळ्यात पडायचे, आणि गर्दी हटली की तीच हार काढून, पाणी शिंपडून पुन्हा पाटीत ठेवायची. त्याला तोंड उघडून सांगता येईना, की मी तपस्वी नाही, भांडीवाला आहे.

झाड आधी पोराच्या उंचीचं झालं होतं, मग बाप्याच्या, पुढे दुकानाच्या पाटीच्याही वर गेलं. ती पाटी आता पुन्हा दिसत नाही. कावळे तारेवरून परत फांद्यांवर आले. त्या वर्षी पहिल्यांदा जांभळं धरली आणि लहानूशेठच्या पांढऱ्या सदऱ्यावर त्याची पोच मिळाली. त्याला इतका आनंद झालेला मी कधी पाहिला नाही. खाली पाटीभर गार सावली पडली होती. त्यानं छत्री मिटली, दुखरा खांदा चोळला आणि म्हणाला, "मावशी, पडली बघा सावली. आता सोडा मला."

रंगूबाईनं वर पाहिलं. बराच वेळ पाहत राहिली. मग पाटीत वाकून पाहिलं. शेवंतीच्या एका फुलावर, एका पाकळीच्या टोकाला, मुगाच्या दाण्याएवढा उन्हाचा ठिपका पडला होता.

"अजून विरळ हाय," ती म्हणाली. "उघड छत्री."