दिवसाचं विमान

आकाराम एसटीतून ड्रायव्हर म्हणून निवृत्त झाला, पण त्याच्या डोक्यातला रस्ता काही निवृत्त झाला नाही. कोल्हापूर-चंदगड ही त्याची गाडी. नेसरीच्या पुढं पावसाळ्यात कुठल्या ओढ्याला पाणी आलं की कुठनं वळसा घ्यायचा, हे तो अजूनही घरात बसून न विचारता सांगायचा. कोल्हापूरजवळ कळंब्यात छोटं घर होतं, बायको आक्काताई होती, आणि एकुलती लेक तेजस्वी लंडनच्या एका इस्पितळात नर्स होती. आई-बापाला बोलावून बोलावून ती थकली. शेवटी यंदा तिनं विचारणंच सोडलं आणि सांगून टाकलं, "आण्णा, मे महिन्यात यायचं. व्हिसाचं मी बघते."

व्हिसा झाला. मग तिनं फोनवर प्रवासाचा बेत सांगितला. रात्री मुंबईतून निघायचं, पहाटे आखातात विमान बदलायचं, आणि पुढं थेट लंडन.

"निम्मी वाट झोपेतच जाईल तुमची," ती म्हणाली.

"झोपायचंच हाय तर हितं काय वाईट हाय?" आकाराम म्हणाला. "आन् विमान जातंय कुठनं?"

"कुठनं म्हणजे?"

"अगं, रस्ता! मधी कुठली गावं लागत्यात, डोंगर लागतोय का, समुद्र किती येळ दिसतोय."

तेजस्वी हसायला लागली. ती कैक वेळा ये-जा करून बसली होती. सीटवर बसलं की कानाला हेडफोन लावायचे, सिनेमा बघायचा आणि झोपायचं, एवढंच तिला माहीत.

"येवढ्यांदा गेलीस आन् कुठनं गेलीस ते ठावं न्हाय?" आकारामला खरंच नवल वाटलं. "तिकीट काढू नगंस. मी बगतो."

दुसऱ्या दिवशी तो राजारामपुरीत नुजहतच्या ऑफिसात गेला. तिचा तिकिटांचा धंदा. मक्केला उमऱ्याला जाणारे, दुबईला जाणारे, हनिमूनला थायलंडला निघालेले, सगळे तिच्याकडं यायचे. बॅगेत किलो किती चालतात आणि जेवणात काय मिळतं, हे प्रश्न तिला पाठ होते. आकारामचा प्रश्न ऐकून मात्र तिनं चहाचा कप खाली ठेवला.

"काका, हे मला आजवर कुणी विचारलंच नाही."

तिनं कॉम्प्युटरवर एक नकाशा उघडला. त्यावर पिवळी विमानं वळवळत होती. वारूळ फुटल्यावर मुंग्या बाहेर पडाव्यात तशी. आकारामनं चष्मा चढवला आणि खुर्ची पुढं ओढली.

"ही समदी आत्ता वर हायत?"

"आत्ता, या मिनिटाला."

दुपारी मुंबईतून निघून त्याच संध्याकाळी लंडनला उतरणारं एक थेट विमान होतं. नुजहतनं त्यावर बोट ठेवल्यावर त्याची वाट उमटली. समुद्रावरून, आखाताच्या कडेनं, तुर्कस्तानावरून वर आणि मग डावीकडं. आकाराम कपाळाला आठ्या घालून बघत राहिला.

"सरळ का जाईना झालंय?"

"काही देशांवरून जाता येत नाही, काका. खाली भांडणं चाललीत. मग वळसा घालतात."

"म्हंजे दरड कोसळल्यागत."

"तसंच समजा," नुजहत हसली. मग तिच्याच मनात काहीतरी आलं. टेबलावर शोभेचा पृथ्वीचा गोल धूळ खात होता, तो तिनं पुसला. मिठाईच्या पुड्याचा दोरा घेतला. मुंबईवर आकारामनं बोट दाबलं, लंडनवर तिनं, आणि दोघांनी दोरा ताणून बघितला. नकाशावर जी वाट सरळ वाटत होती, तिच्यापेक्षा दोरा वरच्या अंगानं गेला. बाहेर दोन गिऱ्हाइकं ताटकळली होती, त्यांचं कुणालाच भान नव्हतं.

"आनी एक," आकाराम म्हणाला. "दुपारी निघालं आन् पश्चिमेला चाललं, म्हंजे सूर्याच्या मागनं चाललं. मग त्यो मावळायचा कवा?"

नुजहतनं हिशेब करायचा प्रयत्न केला आणि सोडून दिला. "मे महिना आहे. पोचेपर्यंत मावळणार नाही बहुतेक. तुम्ही बघून या आणि मला सांगा."

दिवसाच्या विमानाची दोन तिकिटं निघाली. एक खिडकीचं, एक त्याच्या शेजारचं.

नुजहतनं तो नकाशा त्याच्या मोबाइलवरही घालून दिला. झालं! दुपारचं जेवण झालं की आकाराम सोप्यात बसून 'आपलं' विमान बघू लागला. आज उशिरा सुटलं, आज जरा खालनं गेलं, असं आक्काताईला ओरडून सांगू लागला. आक्काताई तिच्या तयारीत. शेजारच्या पूर्णिमाला घेऊन ती मॉलमध्ये जाऊन सरकत्या जिन्यावर पाय टाकायला शिकून आली होती.

एके दुपारी विमान समुद्रावर गेलं आणि नकाशावरून नाहीसं झालं. आकारामनं मोबाइल हलवला, बंद करून चालू केला. विमान नाही. त्यानं तडक नुजहतला फोन लावला.

"काका, समुद्रात कधीकधी रेंज मिळत नाही त्याला. थांबा थोडं, येईल."

थोड्या वेळानं ते अरबस्तानच्या काठाला पुन्हा दिसलं. आकारामनं कपाळ पुसलं. दारात उभी असलेली आक्काताई त्याच्याकडंच बघत होती.

"आवं, भ्या वाटतंय व्हय तुमास्नी?"

"कुणाला? मला?" तो भडकला. मग मोबाइल बाजूला ठेवला. आणि म्हणाला, "आगं, सारा जलम समोरचा रस्ता मी बगितला. आता चालवणार कोण, त्यो दिसनार बी न्हाय. दार लावून आत बसत्यात म्हणं."

आक्काताई त्याच्या शेजारी टेकली. "तुमच्या गाडीतनं म्हायेराला जाताना मला तरी कुठं रस्ता दिसत हुता? म्होरं तुमची पाठ आन् ती तुमच्या मागची जाळी."

"मग भ्या न्हाय वाटलं?"

"कशाला? मी खिडकीतनं भाईर बगत बसायची. कुणाचा भात लावून झाला, कुणाच्या दारात मांडव पडला. तुमास्नी कधी दिसलं का त्यातलं काय?"

चंदगडपर्यंतचा खड्डा न् खड्डा आकारामला ठाऊक होता. मांडव एकही आठवेना.

विमानात तो खिडकीला बसला. जमीन सुटताना त्यानं आक्काताईचं मनगट घट्ट धरलं, आणि खालची मुंबई तिरकी झाली तसं सोडलं. कारण आता बघायचं होतं. समुद्र संपता संपेना. जेवणं उरकली आणि हवाई सुंदरी येऊन नम्रपणे म्हणाली, खिडकीची झापडं खाली घ्या, लोकांना झोपायचंय.

"दिवसाउजेडी?" आकाराम म्हणाला. पण कडेचा माणूस डोळ्यांवर पट्टी बांधून बसलाच होता. आकारामनं झापड खाली ओढलं, चार बोटं फट ठेवली आणि तिला नाक लावलं. खाली वाळू, मग तपकिरी डोंगर, डोंगरात दोरीएवढा रस्ता. त्यावरनं कोण चाललं असेल? आणि मग डोंगरांची टोकं एकदम पांढरी झाली.

"आगं ए, ऊठ! बर्फ!"

आक्काताई त्याच्या अंगावरून वाकली, पण फटीतून तिला काही दिसेना. आकारामनं क्षणभर विचार केला. मग पट्टा सोडला आणि उठून उभा राहिला. "सरक. हितं बस तू."

आता त्याच्यापुढं फक्त सीटच्या पाठीवरचा छोटा पडदा होता. त्यात विमानाची वाट दिसत होती. तो नावं वाचायचा आणि आक्काताई फटीतून सांगायची.

"काळा समुद्र आला बग."

"काळा कुठला? निळाच हाय की."

"आसं? आनी काय?"

"एक जहाज हाय. मागं पांढरी रेघ वडत चाललंय."

ती सांगत राहिली, तो विचारत राहिला. नद्या आल्या, पिवळीधमक शेतं आली. ती कशाची, यावर दोघांचं बरंच चाललं. मोहरीगत दिसत होती, पण एवढी मोहरी खातं कोण? सूर्य डावीकडं होता, तो जरा पुढं आला, पण खाली काही जाईना.

विमान उतरायला लागलं तशी सगळी झापडं वर गेली आणि उजेड आत आला.

"घरं दिसाय लागली," आक्काताई म्हणाली. "लाल इटांची. एकाला एक चिकटून. परत्येकाच्या मागं परसू हाय. एकीनं कापडं वाळत घातल्यात!"

"येवढ्या वरनं कापडं दिसत्यात? काय बी सांगू नगंस."

"मग या, तुमीच बगा."

तिनं डोकं मागं घेतलं. आकारामनं काचेला कपाळ लावलं. विमान अजून खाली गेलं.

"व्हय की गं," तो म्हणाला. "आन् त्यो बग, एक म्हातारा झाडास्नी पाणी घालाय लागलाय."