परक्या दातांची मेंढरं

मायाक्काने पहिल्या मेंढीचा ओठ अंगठ्याने वर केला, तर आत तिच्या सासूचे दात होते.

ओळखायला वेळ लागला नाही. मिश्रीने काळे पडलेले, पुढचे दोन एकमेकांवर चढलेले आणि डावा सुळा अर्धाच. मेंढीला वरच्या जबड्यात पुढे दात नसतात, नुसती कडक हिरडी असते. हिला खाली-वर दोन्हीकडे होते. मायाक्काने ओठ सोडला तशी मेंढीने तोंड मिटून पुन्हा रवंथ सुरू केला. मायाक्काला नवल वाटलं नाही, वैताग आला. ह्या घरात एक काम सरळ होईल तर शपथ, असं स्वतःशीच पुटपुटत तिने पदर खोचला.

दिवाळी सरली की खरातांची मेंढरं जतच्या माळावरून खाली नदीकाठच्या मुलखात चरायला निघत. वाट लांबची. ज्या मेंढीचे दात झिजले तिला वाटेतला पाला तोडता येत नाही, ती मागे रेंगाळते आणि तिच्यापायी सगळा कळप उपाशी थांबतो. म्हणून निघायच्या आधी एकेकीचे दात बघायचे आणि थकलेल्या मेंढ्या काढून व्यापाऱ्याला द्यायच्या. खरातांत हे काम थोरल्या सुनेचं. मेंढी काढणाऱ्याला मेंढीचा तळतळाट लागतो. सून बाहेरून आलेली, तिला लागला तर घराला लागत नाही, असा त्यांचा सरळ हिशोब होता. मायाक्का लग्न होऊन आली त्याच साली सासूने तिला हे सांगितलं होतं, तेही कौतुकाने.

काम वाघरीत उभं राहून करायचं. वाघर म्हणजे खुंट्यांना ताणून बांधलेली जाळी, तिच्या आत मेंढरं कोंडलेली. एखाद्या मेंढीचं काही न ठरवता पुढे गेलं की वाघर हातभर आत सरकायची. खुंट्या आपल्या आपण उपटत, आत येऊन उभ्या राहत. दरसाल थोडीफार सरकायचीच, त्याचं कुणी मनावर घेत नसे. यंदा मात्र तिला घाई झालेली दिसत होती.

सासू, नागूबाई, जाळीबाहेर दगडावर बसून बाभळीच्या शेंगा खात होती. तिच्या वरच्या जबड्यात आता नुसती गुलाबी हिरडी होती आणि शेंगा तिला चांगल्याच गोड लागत होत्या.

"आत्ती, तुमचं दात हिच्या तोंडात हाईत," मायाक्का म्हणाली.

"मग ती ऱ्हाऊ दे," नागूबाई म्हणाली आणि दुसरी शेंग घेतली.

ठेवायचं कारणही तिच्याकडे तयार होतं. ही मेंढी तिच्या भावाने दिलेल्या मेंढीच्या पोटची, हिला जुळी होतात, हिचा पायगुण चांगला. जुळी झाली होती, ती पाच-सहा सालांपूर्वी. त्यानंतर त्या मेंढीने कोकरू म्हणून दाखवलं नव्हतं आणि हे नागूबाईला तोंडपाठ होतं. मायाक्काने वाद घातला नाही. तिने मेंढी सोडली, पुढची ओढली आणि मागे वाघर हातभर सरकली.

पुढच्या काही तरण्या मेंढ्या निघाल्या. स्वतःचे दात, पांढरेशुभ्र, हाताला घट्ट लागणारे. मायाक्काला जरा बरं वाटलं. मग एका डोळ्याने आंधळी झालेली काळतोंडी मेंढी हाताशी आली आणि तिच्या तोंडात सिदाचा चांदीचं टोपण घातलेला दात चमकला.

सिदा तिचा धाकटा दीर. मोटारसायकलवरून पडून दात मोडला तेव्हापासून त्या टोपणाचा त्याला कोण अभिमान. तो पळतच जाळीपाशी आला. वैनी, ही मोहरकी मेंढी आहे, हिच्या मागं सगळी चालतात, हिला काढली तर नदी कशी ओलांडायची, असं त्याने एका दमात सांगितलं. मायाक्का म्हणाली की गेल्या साली ही मोहरकी सगळ्यांना घेऊन उसात शिरली होती आणि मालकाच्या शिव्या मायाक्कानेच खाल्ल्या होत्या. त्यावर सिदा म्हणाला की डोळा एकच आहे म्हणून तसं झालं, त्यात तिचा काय दोष.

मग मायलेकांचीच जुंपली. नागूबाईचं म्हणणं, सिदाची काढ, तो तरणा आहे, त्याचं कुठंही भागेल. सिदाचं म्हणणं, आईने जन्मभर भाकऱ्या खाल्ल्या, आता दात ठेवून काय करायचेत. दोघंही वरच्या उघड्या हिरडीने भांडत होते, त्यामुळे निम्मे शब्द नुसते वारा होऊन येत. तेवढ्या वेळात वाघर तीनदा सरकली. मेंढरं मायाक्काच्या मांड्यांना चिकटली. बाहेर उभं राहून अक्कल शिकवायला काय जातंय, असं तिला ओरडून सांगावंसं वाटलं, आणि तिने सांगितलंही. दोघं मग तिच्या चढ्या आवाजाबद्दल बोलू लागले.

परक्या दातांची तिसरी मेंढी पांढरी, मागचा पाय आखडलेली. मायाक्काने तिचा ओठ वर केला आणि तिचा अंगठा तिथेच थांबला. समोरच्या दोन दातांत फट, उजव्या दाताचा कोपरा उडालेला. लग्नाच्या पंगतीत नवरदेवाने सगळ्यांसमोर सबंध सुपारी फोडून दाखवली होती, तेव्हाचा तो कोपरा. तेव्हा ती पदराआड हसली होती. त्या दातांकडे तिने नंतर कितीतरी वेळा पाहिलं होतं, रागाने आणि मायेनेही.

तिचा नवरा, बिरमल, घोड्यावर सामान बांधत होता. भांडी, घोंगडी, कोंबड्यांची पाटी. त्याचा वरचा ओठ आत गेला होता आणि तो एकदम म्हातारा दिसत होता.

मायाक्काने त्याला हाक मारली. मेंढी दोन साल गाभण नाही, लंगडते, पहिल्या घाटात बसेल, हे तिने त्याला ऐकवलं. त्याने मान हलवली. हे त्याला माहीत होतं. तरी तो दोरीची गाठ बघत राहिला. घोडा कुठला घ्यायचा, तू बघ. सिदाला पोरगी कुठली बघायची, तू बघ. आई आजारी, डॉक्टरकडे न्यायची का, तू बघ. इतकी वर्षं हेच ऐकून तिचे कान किटले होते.

"एकदा तरी तुमी सांगा," ती म्हणाली. "ठिवू का काढू?"

"हात तुजा हाय," बिरमल म्हणाला. "म्या काय सांगू?"

वाघर सरकली. आता जाळी तिच्या पाठीला लागली.

तेवढ्यात मल्लाप्पा व्यापाऱ्याचा टेम्पो माळावर येऊन थांबला. मल्लाप्पाने खाली उतरून टेम्पोचा मागचा फाळका पाडला आणि जाळीतून हात घालून तिन्ही मेंढ्यांचे ओठ वर करून पाहिले. माणसाचे दात आहेत, चालतील, असं तो म्हणाला.

"मानसांचं काय?" मायाक्काने विचारलं.

"दात गाडीत चढलं की मानूस बी चढतंय. सगळीकडं असंच हाय."

दात बदलून परत मिळतील का, असं तिने विचारलं. ते आपल्याकडे नाही, तो म्हणाला, आणि टायरला टेकून तंबाखू मळू लागला.

मायाक्काने एक युक्ती करून पाहिली. तिघी म्हाताऱ्या राहू देत, त्यांच्या बदल्यात तीन तरण्या काढू. पुढच्या साली कोकरं कमी होतील, हात आखडता घेऊ, पण घर तरी जागच्या जागी राहील. तिने एका तरण्या मेंढीला वाघरीच्या तोंडाकडे ढकललं. वाघर सैल व्हायच्या ऐवजी आवळली. खुंट्या तिच्या घोट्यांना येऊन टेकल्या, जाळीचे चौकोन दंडात रुतले, खाली मेंढरं घुसमटून एकमेकींच्या अंगावर चढू लागली. एक कोकरू तिच्या पायांत अडकून ओरडत होतं, तिला वाकताही येईना. बाहेरून नागूबाई म्हणाली की हिला कधीच लवकर ठरवता आलं नाही. सिदा म्हणाला की वैनीने आधीच विचार करायला हवा होता. बिरमल घोड्यावरची कोंबड्यांची पाटी नीट करत राहिला.

तेव्हा मायाक्काचं डोकं फिरलं. तिने सासूचे दात कानाला धरून बाहेर काढले. सिदाचे दात ढुंगणावर थाप मारून बाहेर काढले. लंगडी आपण होऊन चालत आली, तिला हात लावावा लागला नाही, आणि हेच मायाक्काला सगळ्यांत जास्त लागलं. वाघर एकदम सैल पडली. आतली मेंढरं मोकळी होऊन माळभर पांगली, धडधाकट, घाट चढतील अशी.

मेंढ्या फळीवरून टेम्पोत चढल्या. त्यांच्या मागोमाग नागूबाई लुगडं सावरत चढली. आपल्याला गाडी लागते, केबिनच्या बाजूला बसू द्या, असं ती म्हणाली. तिथे आधीच सिदा बसला होता, म्हणून पुन्हा त्यांचं सुरू झालं. मायाक्काला कुणी बोल लावला नाही, की तिचा निरोपही घेतला नाही. बिरमलने घोड्याचा कासरा बाभळीला बांधला, गाठ ओढून पाहिली आणि शेवटी चढला. फाळक्यापाशी लंगड्या मेंढीच्या मानेवर हात ठेवून तो उभा राहिला.

मल्लाप्पाने ड्रायव्हरला हाक दिली. इंजिन सुरू झालं.

"तू म्हणलीस तर उतरतो," बिरमल म्हणाला.

मायाक्काच्या अंगाचा तिळपापड झाला. चालला तरी ह्याचं ओझं तिच्याच डोक्यावर. गावाला जायचं, न जायचं, जगायचं कसं, सगळं तिनेच म्हणायचं. त्याला हाताला धरून खाली ओढावं आणि भर माळावर दोन शिव्या हासडाव्यात असं तिला वाटलं. तो नसला तर ह्या मेंढरांमागे खालच्या मुलखात ती एक पाऊल टाकणार नव्हती, हेही तिला तेवढंच पक्कं कळत होतं. तो उतरायला हवा होता. दातांसकट, दातांवाचून, कसाही.

ती फाळक्याजवळ गेली. उतरा म्हणायला तिने तोंड उघडलं.

मल्लाप्पाने सवयीने वाकून तिच्या तोंडात पाहिलं. आधी खाली, मग वर. माणसाचे दात आहेत, चालतील, असं तो पुन्हा म्हणाला. त्याने तंबाखूची चिमूट ओठाआड ठेवली, हात झटकले आणि फाळक्यापाशी उभ्या असलेल्यांना आणखी एकीसाठी जरा आत सरकायला सांगितलं.