चौथा बोल्ट

बाबांच्या हातून बोल्ट तुटला तेव्हा मी पाठमोरी होते, पण आवाजावरून कळलं. कट्! पस्तीस वर्षं गॅरेज चालवलेल्या माणसाने एक शिवीसुद्धा हासडली नाही, यावरून काय ते समजलं.

शाळेच्या व्हॅनचं सिलिंडर हेड, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, टेबलावर होतं. आधी धुराच्या बाजूचे चार गंजके बोल्ट काढायचे होते. तीन निघाले, चौथा तुटून आतच राहिला. नखाने पकडावा एवढाही वर उरला नव्हता.

"गंजला होता," बाबा म्हणाले.

"आणि बाकीचे तीन काय चकचकीत होते?"

माझी जीभ अशीच आहे, आधी चालते आणि मग विचार करते. गंजका बोल्ट तुटण्याआधी पिळवटतो आणि ते पान्यातून हाताला कळतं. बाबांना ते इतकं कळायचं की आसपासचे मेकॅनिक त्यांना 'डॉक्टर' म्हणायचे. पण साखरेच्या दुखण्याने वर्षभरात त्यांची बोटं बधिर झाली होती. दहा दिवसांपूर्वी त्यांनी तापलेला पाइप धरला आणि कातडी जळल्याचा वास आल्यावर सोडला. तेव्हापासून आई माझ्या मागे लागली होती, "घरी बसव त्यांना. माझं ऐकत नाहीत, तुझं ऐकतील." मी विषय टाळत होते. आणि आता रागाच्या भरात बोलून गेले, "उद्यापासून येऊ नका तुम्ही."

"बरं," ते म्हणाले. एवढंच. भांडले असते तर बरं झालं असतं.

मी कामाला लागले. तुटक्या बोल्टवर नट ठेवला आणि नटाच्या भोकातून वेल्डिंग करून दोघांना जोडून टाकलं. लोखंड जरा निवल्यावर कडेने मेण सोडलं, ते गरम आट्यांत आपसूक झिरपतं. मग पाना लावला. काहीतरी हललं. पण बोल्ट सुटतोय की पुन्हा पिळवटतोय, ते कळेना. बाबांचा हात मला आलेला नाही, खोटं कशाला बोलू? आणखी खोल तुटला असता तर हेड भंगारात.

"बाबा, जरा बघता का?"

ते आले. पान्याला हात लावला आणि काढून घेतला. "मला आता हाताला काहीच कळत नाही गं."

हे त्यांनी कधी आईलाही सांगितलं नव्हतं. माझा राग कुठल्या कुठे गेला.

त्यांनी लांब स्क्रूड्रायव्हर उचलला, टोक हेडवर टेकवलं, मूठ कानामागच्या हाडाला लावली आणि डोळे मिटले. चालू इंजिनाचं दुखणं ते असंच ऐकतात. पण टेबलावरच्या गप्प लोखंडाला त्यांनी कान लावलेला मी पहिल्यांदाच पाहत होते.

"फिरव. हळू... थांब! मुका झाला. मागे घे."

मी पाना मागे घेतला.

"हां, आता करकरतोय. करकरला म्हणजे आटे सोडतोय. मुका झाला की पिळवटतोय. चल पुढे."

थोडं पुढे, थोडं मागे. मी दात आवळून ओढायला लागले की ते डोळे न उघडता म्हणायचे, "पान्याशी भांडू नकोस, तो तुझा बाप नाही." मला हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही आलं. तासाभराने बोल्ट अख्खा बाहेर आला, एकही आटा खराब न करता.

बाबांनी तो निरखला, ठेवून दिला, हात धुतले. मग खुंटीवरचा कामाचा शर्ट काढून घडी घालायला लागले.

"तो कुठे नेताय?"

"घरी. उद्यापासून यायचं नाही ना."

"पलीकडच्या बाजूचे चार बोल्ट राहिलेत," मी म्हटलं. "मला ते ऐकू येत नाही. मी फिरवते, तुम्ही ऐका. तापलेल्या वस्तूला मात्र हात लावायचा नाही. आईला मी सांगते."

ते घडी घालायचे थांबले.

"आणि माझ्या ऐकण्यात चूक झाली तर? तुटला तर?"

"तर तुटेल," मी म्हटलं. "दोघांच्या हातून तुटेल."