गोठ्यात ओरडायचं नाही

ट्रॅक्टर उलटून नवरा गेला, तेव्हा थोरली सून रडली नाही. भेटायला येणाऱ्या बायका तिला जवळ घेऊन म्हणत, "रडून मोकळी हो गं." ती मान हलवायची आणि कप विसळायला उठायची. कोण येऊन गेलं, हे संध्याकाळी सासूबाईंनी विचारलं तर तिला सांगता येत नसे.

गोठा धाकट्या दिराच्या गळ्यात पडला. तो इतकी वर्षं ट्रक चालवत होता. गाईंशी त्याचा संबंध चहातल्या दुधापुरताच.

थोरल्याला मात्र एकेका गाईचा स्वभाव पाठ होता. काळ्या-पांढऱ्या होल्स्टिन म्हणजे सरकारी ऑफिसातली माणसं, तो म्हणायचा. आभाळ कोसळलं तरी जागची हलायची नाहीत. तांबूस जर्सी म्हणजे चौकस शेजारणी; प्रत्येक बादलीत नाक खुपसणार, आणि झाकण पडलं की सगळ्यात आधी पळणार. या सगळ्यांत वशिंडाची, देशी अशी एकच गाय होती. तिला तो राणीसाहेब म्हणायचा. ती फक्त त्याच्याच हाताला पान्हा सोडायची.

धाकटा गोठ्यात शिरला तो आवाज चढवूनच. हातात रबरी पाइपचा तुकडा. होल्स्टिननी दोन रट्टे खाल्ले आणि रवंथ चालू ठेवलं. जर्सींना मात्र त्याचे गमबूट वाजले तरी कापरं भरू लागलं. त्यांचं दूध घटलं. राणीसाहेबांनी तर थेट त्याच्या मांडीवर लाथ घातली.

"विकून टाकतो हिला," तो लंगडत घरात आला.

"दुभत्या गाईच्या लाथा गोड असतात रे," सासूबाई म्हणाल्या.

"दुभती कुठे, आई? नुसत्या लाथाच देतेय."

कासेला सूज असेल म्हणून जनावरांच्या डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी सड दाबून पाहिले, कास चाचपली.

"आजार काही नाही. पान्हा चोरतेय," ते म्हणाले. "होल्स्टिनवर सकाळी ओरडलात, तर संध्याकाळी ती विसरेल. जर्सीला चार दिवस लागतील. ही मात्र डूख धरते. घाबरली की दूध आतच राहतं, कितीही ओढा. आधी तो पाइप टाका."

थोरली दाराशी उभी राहून ऐकत होती. डॉक्टर निघाले तेव्हा त्यांना निरोप द्यायचं तिला सुचलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी घरात पुन्हा बायका जमल्या, म्हणून ती गोठ्यात गेली. काही ठरवून नाही. तिथे तिला कोणी काही विचारणार नव्हतं, एवढंच. धाकटा राणीसाहेबांवर खेकसत होता. त्याने पाइप उगारला, आणि तिने मागून तो काढून घेतला.

"भाऊजी, आजपासून गोठ्यात ओरडायचं नाही."

तो वळला.

"मग मी कुठे ओरडू, वहिनी? घरात आई आहे. तुम्ही आहात."

त्यालाही रडताना तिने पाहिलं नव्हतं. ती म्हणाली, "तुमच्या ट्रकमध्ये बसा. काचा वर करा."

तो खरंच गेला. अंगणात गाडीचं दार आपटलं. मग काचांमागून एक दबका, लांब आवाज येत राहिला. गाईंनी कान टवकारले, पण जागच्या हलल्या नाहीत.

थोरली राणीसाहेबांपाशी बसली. लाथ आली, बादली लोळली. दुसरी कोणी असती तर दचकली असती. तिच्यात दचकायला काही उरलंच नव्हतं. तिने बादली उचलली आणि गाईच्या पोटाला डोकं टेकून नुसती बसून राहिली. त्या दिवशी दूध आलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. ती जात राहिली, कारण घरात बसण्यापेक्षा ते सोपं होतं. मग एका सकाळी सड भरले आणि बादलीत धार वाजली. सासूबाईंचे डोळे पाणावले. थोरलीने दूध गाळलं आणि झाकून ठेवलं.

"काही वाटलं का गं तुला?" सासूबाईंनी विचारलं.

"नाही," ती म्हणाली. "हात दुखले."

गाडीत ओरडून धाकट्याचा घसा पार बसला होता. त्यामुळे आता तो गोठ्यात हळूच बोलायचा. आधी जर्सी जवळ आल्या, त्याच्या बाह्या चाटू लागल्या. हळूहळू दूध पूर्वीसारखं झालं. राणीसाहेब मात्र तो दिसला की दावं ताणून पलीकडे सरकायच्या. विकायचं नाव त्याने पुन्हा काढलं नाही.

थंडी सरता सरता तो म्हणाला, "आज मी बसून बघू?"

थोरली गाईच्या तोंडापाशी उभी राहिली. तो बसला, त्याने कासेला हात लावला आणि कोपरावर लाथ खाऊन उठला. त्याने ओठ घट्ट मिटले. मग घोगऱ्या आवाजात विचारलं, "वहिनी, दादाला हिला माणसाळवायला किती दिवस लागले होते?"

तिने आठवून पाहिलं. तो रोज गोठ्यातून यायचा, हातपाय धुवायचा, जेवायला बसायचा.

"माहीत नाही," ती म्हणाली. "मी कधी विचारलंच नाही."

त्याने मान डोलावली, कोपर चोळलं आणि पुन्हा खाली बसला.