खिळ्यावरचे सात बिल्ले

दुपारचे तीन वाजले की लेक टेबलाची कड धरून उभी राहायची. डोकं ठणकायचं, पायाखालची जमीन हलल्यासारखी वाटायची. बूट बनवायच्या त्या कारखान्यात ती तळवे चिकटवायच्या टेबलावर होती आणि तिचा बाप त्याच टेबलाचा मुकादम. उपाशी राहतेस म्हणून चक्कर येते, असं तो तिला रोज सांगायचा.

त्याला सगळे नाकदादा म्हणत. चिकटद्रवाची वाफ वाढली की नाही, हे तो नाक वर करून सांगे. त्याने मान हलवली की खिडक्या उघडायच्या, नाहीतर काम चालू. बावीस वर्षं हाच कायदा होता.

एक दिवस तपासणीवाल्या बाई आल्या. काडेपेटीएवढे सात बिल्ले त्यांनी वाटले. कॉलरला नाकाजवळ लावायचे, पाळी संपेपर्यंत काढायचे नाहीत. माणूस श्वासात किती वाफ घेतो, ते प्रयोगशाळेत त्या बिल्ल्यांवरून कळणार होतं. बाईंची पाठ वळताच नाकदादाने सगळ्यांचे बिल्ले काढून घेतले आणि खिडकीजवळच्या खिळ्यावर टांगले. आकडा वाढला तर विभाग बंद पडेल, ही त्याची भीती. संध्याकाळी ज्याचा त्याला परत लावला.

पंधरा दिवसांनी बाई एकट्याच आल्या. त्यांनी ना मालकाला गाठलं, ना आरडाओरडा केला. नाकदादाशेजारी स्टूल ओढून बसल्या.

“दादा, सातही बिल्ल्यांचा आकडा एकच आलाय, तोही अगदी कमी. खोकी बांधणाऱ्या मावशींचा आणि तुमच्या लेकीचाही. मावशी तर चिकटद्रवाला हातही लावत नाहीत. बिल्ले त्या दिवशी रजेवर होते वाटतं?”

तो ओशाळला, पण हटला नाही. “तुमचं काय जातंय बाई? विभाग बंद पडला तरी तुमचा पगार चालूच.”

“खरंय,” बाई म्हणाल्या. “पण मी या अहवालावर सही केली तर वर्षभर इथे कोणी फिरकणार नाही. मग लेकीचं डोकं रोज दुखतं म्हणे, ते कोणाला सांगाल?”

वाफ असती तर आपल्या नाकाला कळली असती, असं तो ठासून सांगत होता, तेवढ्यात लेक बाहेरच्या गोदामातून तळव्यांचा गठ्ठा घेऊन आली. दारातच थबकली आणि तिने रुमाल नाकाला लावला.

“बाबा, तुमच्या पायाशी चिकटद्रवाचा डबा उघडा आहे. वास येत नाही का तुम्हाला?”

त्याने खाली पाहिलं. डबा काठोकाठ भरलेला, झाकण बाजूला पडलेलं. त्याने जोरात श्वास ओढला. काहीच नाही!

बाईंनी आधी झाकण लावलं. मग हळूच म्हणाल्या, “नाकाचा दोष नाही, दादा. दिवसभर एकच वास घेऊन ते थकतं, सांगायचं सोडून देतं. बिल्ला थकत नाही.”

नाकदादा लेकीकडे बघत राहिला. मग उठून टेबलावरच्या सगळ्यांना बोलावलं आणि बिल्ले खिळ्याला लावले ती चूक आपली, असं सर्वांसमोर कबूल केलं. मालकालाही तेच सांगून आला.

तपासणी पुन्हा झाली. या वेळी बाई स्वतः बिल्ला लावून पूर्ण पाळी टेबलाशी उभ्या होत्या. कोण किती वेळ वाकतं, डबा कधी उघडतो, सगळं टिपत होत्या. भर उकाड्यात एकदाही दाराशी गेल्या नाहीत. कारखान्यात त्यांच्याबद्दल आजही आदराने बोलतात, ते उगाच नाही.

लेकीचा आकडा मर्यादेच्या चौपट निघाला. विभाग नऊ दिवस बंद राहिला. “नाक कापून घेतलंस की रे,” असा टोमणाही नाकदादाने ऐकून घेतला. पण त्या नऊ दिवसांत टेबलावर वाफ ओढून घेणारं धुराडं बसलं, डबे अरुंद तोंडाचे आले. दोन महिन्यांनी मोजलं तेव्हा आकडा मर्यादेच्या आत होता. आता तीन वाजता लेक हसत-बोलत तळवे चिकटवते, आणि पाळीच्या सुरुवातीला बाप स्वतः प्रत्येकाच्या कॉलरचा बिल्ला तपासतो.

मंडळी, पोटावर पाय येईल या भीतीने आपण आकडा लपवतो, आणि जातो तो आपल्याच माणसाचा जीव. आपल्या कामाच्या जागी कोणी मोजायला आलं, तर त्याला खरं मोजू द्या. अनुभव मोठाच असतो, पण जे त्याला कळत नाही, ते विचारून घेण्यात कमीपणा नाही.