सरस्वतीचा लोखंडी पाहुणा

जरा खाली वाका. अजून थोडे. हां, आता ऐकू येईल. मी जॅक बोलतोय, सीवूड्सच्या मॉलमागे, खाडीच्या काठावर असलेल्या गोटीराम म्हात्रेच्या घराखालून. आवाज दबका वाटत असेल, पण स्वभाव तसा नाही हो. मी आयुष्यभर करकर करत आलोय. आवाजाचं काय झालं ते येईल पुढे.

जन्म महाप्याचा. एका कारखान्यात मला घडवलं, जाड आट्यांचा स्क्रू आणि खाली थाळीएवढं बूड. पहिला मालक डंपरवाला. चाक बसलं की त्याला माझी आठवण व्हायची, एरवी माझ्यावर पाय ठेवून तो आरामात तंबाखू मळायचा. पुढे मी भंगारात गेलो आणि तिथून नामा मिस्त्रीने मला उचललं.

नामा मूळचा माणदेशातला. खचलेली घरं जॅकवर तोलायची आणि खालून नवा पाया घालायचा, हा त्याचा धंदा. त्याच्याकडे आम्ही सहा जॅक. बाकीचे पाच शहाणे, मुकाट वर चढायचे. मी मात्र दर पाव फेऱ्याला किंचाळायचो, काही दुखत नसताना. नामा दचकायचा, शिव्या घालायचा. त्या बदल्यात तेल मला सगळ्यांपेक्षा जास्त मिळायचं, त्यामुळे सवय गेली नाही.

पावसाआधीच्या वादळात लाटांनी गोटीरामच्या घराचा खाडीकडचा कोपरा खालून पोखरला. दगड वाहून गेले आणि भिंतीला हात जाईल एवढी चीर पडली. मुलगा तेजस आयटीतला. त्याने खांदेश्वरच्या फ्लॅटची चावी आणून आईच्या हातात ठेवली.

"आई, बास झालं आता. टेन्शनने मला झोप येत नाही. चला तिकडे."

सरस्वती चावीकडे बघेना. "मी हितूनच उठनार, ती पन चौघांच्या खांद्यावर," ती म्हणाली.

बरीच बाचाबाची झाली. शेवटी ठरलं, की नामाच्या कामाला येत्या पुनवेच्या उधाणापर्यंत मुदत. कोपरा टिकला तर म्हातारा-म्हातारी इथे राहतील, ढासळला तर निमूट खांदेश्वरला जातील. चावी देवघरात पडून राहिली.

मला बरोबर त्या कोपऱ्याखाली बसवलं. खाली लाकडी ओंडके, वर मी, माझ्या डोक्यावर भिंत. सरस्वतीने येऊन मला हळदकुंकू लावलं. डंपरवाल्याने नुसता पाय लावला होता, त्यामुळे मी थोडा लाजलो. "ह्यो आपला पावना," ती नवऱ्याला म्हणाली. "आपलं घर डोक्यावर घेऊन उबा हाय. त्याला नीट बघा."

नामाने माझ्या दोन्ही बाजूंनी काँक्रिटचा नवा पाया घातला. फक्त मी उभा होतो तो खड्डा शेवटी भरायचा होता. पायामध्ये खाडीच्या बाजूला त्याने तीन भोकं ठेवली. ती बघून गोटीराम हैराण झाला. त्याचा सगळा जन्म खारजमिनीत गेलेला. बांधाला भगदाड पडलं, म्हणजे खांड पडली, की घरटी एक माणूस धावायचा आणि चिखल थापून ती बुजवायचा. त्यात गोटीराम कायम पुढे.

"मिस्त्री, दर्याला कोन दार ठेवतं का रं?"

"काका, पाणी वाळूतनं येणारच," नामा म्हणाला. "आलेलं पाणी माघारी जायला वाट नको व्हय?"

गोटीरामने मान हलवली. माणसं पटलं नाही की मान जरा जास्तच जोरात हलवतात, हे मी पाहिलंय.

पुनवेच्या सकाळी नामा सिमेंट आणायला गेला. तेवढ्यात गोटीराम घमेलं भरून चिखल घेऊन आला आणि तिन्ही भोकं अशी लिंपली, की बघत राहावं. हात अजून तरबेज होता. मी करकरलो. त्याने लक्ष दिलं नाही, कारण माझी करकर रोजचीच. तेव्हा पहिल्यांदा मला माझ्या खोडीचा पश्चात्ताप झाला.

दुपारी उधाण चढलं. भोकांतून थेंब आला नाही. गोटीराम मिशीला पीळ देत ओट्यावर बसला आणि तेजसला म्हणाला, "चावी परत ने तुजी." पण पाणी वाळूतून, मागून, गुपचूप घराखाली भरलं होतं. भरती ओसरली तेव्हा बाहेरचं पाणी गेलं, आतलं अडकलं. माझ्याखालची माती लापशीसारखी झाली. ओंडके एका अंगाला बसले, मी कलंडलो आणि माझा स्क्रू वाकायला लागला. खरं सांगतो, घाबरलो मी. आणि ओरडलो, या खेपेला मनापासून.

सरस्वती धावत आली. "अवो, पावना कन्हतोय. ह्यो रोजचा आवाज नाय." तिने खड्ड्यातलं तुंबलेलं पाणी बघितलं, मग लिंपलेली भोकं बघितली आणि मग नवऱ्याकडे बघितलं. साडी खोचून खाडीत उतरली. चिंबोऱ्यांच्या, म्हणजे खेकड्यांच्या, बिळात हात घालून वाढलेली बाई ती. तिने कोपरापर्यंत हात घालून चिखल ओढून काढला. तिन्ही भोकांतून पाणी धो धो बाहेर पडलं. गोटीराम दुसऱ्या भोकाशी कधी येऊन बसला, ते तिलाही कळलं नाही.

कोपरा बोटभर खाली आला आणि थांबला. मी धरून ठेवला. नामाने येऊन मला फिरवून पाहिलं, पण मी जागचा हललो नाही. "वाकलाय. काढला तर भिंत येईल. राहू दे इथंच," तो म्हणाला. त्याने चौफेर ओंडके लावले, मला शेवटचं तेल पाजलं आणि खड्डा काँक्रिटने भरला. माझा आवाज दबका येतो तो म्हणून. तेजसने देवघरातली चावी उचलली आणि खिशात घातली.

आता दर उधाणाला गोटीराम काठी घेऊन ती भोकं कोरत बसतो. कुणी विचारलं तर चिंबोऱ्या शोधतोय म्हणतो. परवा जेवताना कुठेतरी कपाटाचं दार करकरलं, तर हा ताटावरून उठून बाहेर पळाला. काँक्रिटमध्ये गाडलेला जॅक करकरत नाही, असं नामाने त्याला दहादा सांगितलंय. मीही त्याला सांगितलं असतं, पण कशाला?

बरं, या आता. जाताना तेवढं बघा, भोकं मोकळी आहेत ना? घर मी धरलंय.