लंगोटातला ओळंबा

बंडलआजोबांनी जन्मभर भिंती सरळ बांधल्या, पण बोलणं कधी सरळ केलं नाही. एकदा म्हणे त्यांनी पाण्याची टाकी इतकी उंच चढवली, की ढग वाट वाकडी करून तिथं पाणी भरायला यायचे. गल्ली हसायची आणि पुढची थाप मागायची.

नातवाच्या बाबतीत मात्र हसण्यासारखं काही उरलं नव्हतं. पोर वाळत चाललं होतं. मागच्या खेपेला दवाखान्यात वजनाला नेलं, तेव्हा रांगेतली एक बाई म्हणाली होती, "आई शिलाईच्या कारखान्यात, पोर वाऱ्यावर." ते ऐकून लेक दिवसभर जेवली नाही. म्हणून या खेपेला आजोबांनी गवंडीकामाचा ओळंबा, दोरीला लोंबणारं ते पितळी वजन, नातवाच्या लंगोटात दुमडलं.

"खोकला आहे गं त्याला, अंगावरचं राहू दे," ते नर्सबाईंना म्हणाले.

झोळी टांगली. काटा झुकला.

"वा आजोबा, बाळसं धरलं की."

"धरणारच. आपला वाडगा चाटूनपुसून वर माझ्या ताटावर डोळा."

बाया गप्प झाल्या, आजोबांची छाती फुगली. तेवढ्यात नर्सबाईंनी पुढचं पोर तोललं, त्याचा दंड चाचपला आणि त्याच्या आईला म्हणाल्या, "याला आजच भरती करू. आणखी उशीर केला असतास, तर हाती लागला नसता."

आजोबांनी खांद्यावरच्या नातवाकडे पाहिलं. याचा दंड त्याहून बारीक होता. ते दारातून मागं फिरले.

"बाई, याच्या लंगोटात ओळंबा आहे."

रांग खो खो हसली. "आणि पोटात वीट असेल," कुणीतरी म्हणालं.

"आजोबा, गर्दी आहे हो, या आता," नर्सबाई म्हणाल्या.

कधी नव्हे ते खरं बोलले, तर त्याला गिऱ्हाईक नाही. आजोबांनी पोराला टेबलावर ठेवून लंगोट सोडला. पितळ ठण्णकन वाजलं. हसू जिथल्या तिथं विरलं.

नर्सबाईंनी उघडं पोर पुन्हा तोललं.

"काय खातो? खरं सांगा."

"परवापासून गिळतच नाही."

"जुलाब?"

"थांबत नाहीत."

त्यांनी पोर छातीशी घेतलं. "याच्या आईला कामावरून घेऊन या. तिला इथंच राहावं लागेल."

"वाचेल ना?"

"मला थापा मारता येत नाहीत, आजोबा. पळा."

कारखान्याच्या दारात लेक धावत आली. "बाबा, काय झालं?"

वाटेत त्यांनी बरंच काही जुळवलं होतं. त्यातलं काहीच तोंडातून निघेना.

"त्याचं वजन फार कमी आहे, बाळ," ते म्हणाले. "आणि ते मी लपवलं."